गाळणी ते गाभारा: ‘पवित्र’ या शब्दाचा आढावा

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी दर्भाला पीळ देतात, गाठ मारतात आणि यजमानाच्या हाती ठेवत म्हणतात, “हे पवित्रक घाला.” यजमान ती गवताची अंगठी अनामिकेत घालतो. कर्म उरकले की गाठ सोडायची आणि दर्भ टाकून द्यायचा. थोड्या वेळापूर्वी जिच्यावाचून संकल्प सुटत नव्हता, तिला आता कोणी देव्हाऱ्यात नेऊन ठेवत नाही. इथे ‘पवित्र’ हे एका वस्तूचे नाव आहे, आणि ती वस्तू वापरून संपवायची असते.

बाकी सगळीकडे मात्र हा शब्द विशेषण होऊन वावरतो. गंगा पवित्र, रमजानचा महिना पवित्र, ख्रिस्ती प्रार्थनेतला आत्मा पवित्र. वृत्तपत्रे सभागृहाच्या, परीक्षेच्या आणि मतपेटीच्या पावित्र्याची चिंता वाहतात. महाराष्ट्र सरकारने शिक्षकभरतीच्या संकेतस्थळाचे नावही इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘पवित्र पोर्टल’ असे ठेवले आहे. नोकरीची वाट पाहणारे हजारो डीएड-बीएडधारक या शब्दाचा रोज जितका जप करतात, तितका क्वचितच कोणी करत असेल.

या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून, यावर भाषाशास्त्रज्ञ, भाष्यकार आणि समाजशास्त्रज्ञ यांनी आपापल्या वाटेने पुष्कळ लिहिले आहे. त्यांच्या वाटा एकमेकींना फारशा मिळत नाहीत. ढोबळमानाने तीन बाजू दिसतात. एकीच्या मते पवित्र म्हणजे स्वच्छ करणारे साधन. दुसरी त्यात एक तेज किंवा शक्ती पाहते. तिसऱ्या बाजूला पवित्र ही एक हद्द वाटते, जिच्या आत मळ येऊ द्यायचा नाही.

लोकरीची गाळणी

सुरुवात ऋग्वेदापासून करावी लागते, आणि तिथे गाभारा नाही. तिथे आहे लोकर. ऋग्वेदाचे नववे मंडल, म्हणजे ११४ सूक्ते, जवळजवळ संपूर्णपणे सोम गाळण्याच्या क्रियेभोवती फिरते. वनस्पती दगडांखाली ठेचायची, रस पिळायचा, तो मेंढीच्या लोकरीतून गाळायचा आणि खालच्या लाकडी पात्रात धरायचा. या लोकरीच्या गाळणीचे नाव ‘पवित्र’. तिच्यातून गळत गळत निवळत जाणारा सोम तो ‘पवमान’. पुढच्या श्रौतविधींत हीच गाळणी ‘दशापवित्र’ या नावाने येते. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. गाळणीबद्दल मात्र शंका नाही. सोम हरवला, चोथाही हरवला, गाळणी तेवढी सापडली.

व्याकरणही हेच सांगते. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात ‘इत्र’ हा प्रत्यय सांगितला आहे. तो लागून खणायचे ते खनित्र, कापायचे ते लवित्र, म्हणजे विळा, आणि नाव चालवायचे ते अरित्र, म्हणजे वल्हे, असे शब्द होतात. ‘पू’ या धातूपासून झालेले पवित्र याच घरातले. कुदळ, विळा, वल्हे आणि गाळणी, अशी ही हत्यारांची आळी आहे. ‘चरित्र’ हा शब्दही इथलाच. विश्पलेच्या कथेत ऋग्वेद तो ‘पाय’ या अर्थाने वापरतो, कारण चालण्याचे साधन पाय. आज चरित्र ग्रंथालयात असते आणि पवित्र देवळात. मूळ धंदा दोघांनीही सोडला.

पाणिनी इतक्यावर थांबत नाही. पवित्र हे संज्ञा म्हणून, म्हणजे विशिष्ट वस्तूचे नाव म्हणून येते, असे तो वेगळे नोंदवतो; आणि ऋषी वा देवता अभिप्रेत असेल तर तोच शब्द ‘पवित्र करणारा’ या कर्त्याच्या अर्थानेही चालतो, अशी आणखी एक तरतूद करतो. याचा अर्थ पाणिनीच्या काळीच शब्द गाळणीच्या चौकटीबाहेर पडला होता, आणि त्याचा हिशेब सूत्रांना ठेवावा लागत होता.

धातू एक, तर्क तीन

‘पू’ या धातूचा मूळ अर्थ कोणता? ‘पुनाति’ म्हणजे स्वच्छ करतो, यावर दुमत नाही. पण ‘पवते’ हे रूप वेदात वाहणे आणि निवळणे यांच्या सीमेवर उभे राहते. सोम ‘पवते’ म्हणजे वाहतो, की शुद्ध होतो? वाहता वाहता शुद्ध होतो असे म्हणून बहुतेक भाषांतरकार सुटका करून घेतात.

याच दुहेरीपणाचा एक धागा गीतेच्या दहाव्या अध्यायात आहे. विभूती सांगताना श्रीकृष्ण स्वतःला वारा म्हणवतो, पण कोणांमधला वारा? शंकराचार्यांनी ‘पवित्र करणाऱ्यांमधला’ असा अर्थ केला. रामानुजाचार्यांनी ‘जाणे हाच ज्यांचा स्वभाव आहे, त्यांच्यातला’ असा केला. धातू तोच, श्लोक तोच. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी गतिमंतांचा, म्हणजे वेगाचा अर्थ घेतला आहे.

तुलनात्मक भाषाशास्त्राने तिसरी शक्यता पुढे आणली. लॅटिनमधला ‘पूरुस’, ज्यातून इंग्रजीचा ‘प्युअर’ आला, हा याच कुळातला. जुन्या उच्च जर्मन भाषेत धान्य चाळणे या अर्थाचे एक क्रियापद आहे, तेही या कुळात धरतात. म्हणून या धातूचा अर्थ देताना युरोपीय कोशकार ‘शुद्ध करणे’ याच्या शेजारी ‘चाळणे’ असेही लिहितात. ज्यांना हे पटते त्यांचे म्हणणे असे की शुद्धतेची कल्पना आधी आणि चाळणी नंतर, हा क्रम उलटा लावायला हवा. माणसाने आधी कोंडा वेगळा केला आणि त्या कामावरून मनाच्या शुद्धतेला शब्द दिला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या वाणीच्या सूक्तात याला आधार मिळतो. तिथे शहाणी माणसे सातूचे पीठ चाळावे तशी वाणी चाळून घेतात, आणि त्या चाळण्याला धातू ‘पू’च वापरला आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच हा मंत्र उद्धृत केला. व्याकरण कशासाठी शिकायचे, या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर चाळणीचे होते.

अग्नीशी नाते हा एकेकाळचा मोठा वाद. अग्नी म्हणजे पावक. ग्रीकमध्ये अग्नीला ‘प्यूर’. तेव्हा ‘पू’ म्हणजे मुळात आगीने शुद्ध करणे, असे अनेकांना वाटत होते. १९१५ मध्ये ह्रोझ्नी यांनी हित्ती भाषा उलगडली आणि तिच्यात अग्नीला ‘पह्हुर’ म्हणतात असे दिसले. मधला तो घशातला वर्ण ‘पू’ धातूच्या मांडणीशी जुळत नाही. त्यामुळे दोन्ही शब्दांची मुळे वेगळी, असा कल आज अधिक आहे. वर्णांची अदलाबदल झाली असेल तर दार किलकिले राहते, असे म्हणणारेही आहेत.

‘पुण्य’चे कोडे तर याहून अवघड. उणादिसूत्रे तो शब्दही ‘पू’पासूनच साधतात. पण ऋग्वेदात तो अगदी मोजक्या ठिकाणी येतो आणि तिथे त्याचा अर्थ सुगंधी, मंगल, बरा एवढाच आहे. शिवाय त्यातला ‘ण’ या व्युत्पत्तीत सरळ बसत नाही. म्हणून काही जण ‘भरणे’ या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवतात. पापपुण्याचा हिशेब मांडणाऱ्या संस्कृतीत पुण्याचीच जन्मतारीख लागत नाही, ही गंमत आहे.

साधनाचा गुण कसा झाला

यास्काने निरुक्तात ‘पवित्र’ची फोड करताना एक यादी दिली आहे. मंत्राला पवित्र म्हणतात, सूर्याच्या किरणांना म्हणतात, पाण्याला म्हणतात. अग्नी, वायू, सोम, सूर्य आणि इंद्र यांनाही म्हणतात. लोकरीची गाळणी आभाळभर पसरलेली दिसते. किरणांतून प्रकाश झिरपतो आणि मंत्रातून मन. यास्काच्या यादीत प्रत्येक नाव अजूनही काही तरी करणारे आहे, हे लक्षात घेण्याजोगे. एकही गोष्ट स्वस्थ बसून पवित्र नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धी करणाऱ्या बारा गोष्टी येतात. ज्ञान, तप, अग्नी, आहार, माती, मन, पाणी, सारवण, वारा, कर्म, सूर्य आणि काळ. सारवण आणि ज्ञान एका रांगेत बसवणारी ही यादी घरातल्या बाईला आणि मठातल्या संन्याशाला सारखीच कळेल अशी आहे. लगेच पुढच्या श्लोकात पैशाच्या व्यवहारातली शुद्धी सगळ्यांत वरची ठरवली आहे. हा श्लोक पतपेढ्यांच्या भिंतींवर कसा लागला नाही, कोण जाणे.

गीतेत हा शब्द निर्णायक जागी येतो. चौथ्या अध्यायात ज्ञानासारखे पवित्र दुसरे काही नाही, असे विधान आहे. आजचा मराठी वाचक ते ‘ज्ञानाइतके शुद्ध काही नाही’ असे वाचतो. शंकराचार्यांनी मात्र ‘पावन, शुद्धी करणारे’ असा अर्थ लावला. दहाव्या अध्यायातला पुरावा अधिक ठोस आहे. अर्जुन श्रीकृष्णाला परम पवित्र म्हणतो तेव्हा तो शब्द नपुंसकलिंगी आहे आणि ज्याला उद्देशून बोलतो तो पुल्लिंगी. विशेषण असते तर लिंग जुळले असते. म्हणजे अर्जुन ‘तू अत्यंत शुद्ध आहेस’ असे म्हणत नसून ‘तू सर्वांत मोठे शुद्धिसाधन आहेस’ असे म्हणतो आहे. साधनवाद्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा.

शक्तिवाद्यांकडेही ग्रंथाधार आहे. नवव्या मंडलातल्या ८३व्या सूक्तात ब्रह्मणस्पतीचे पसरलेले पवित्र आणि न तापलेले शरीर यांचा उल्लेख येतो. विधीच्या अंगाने पाहणाऱ्याला तिथे गाळणी दिसते. श्रीवैष्णव आणि माध्व परंपरांना तिथे विष्णूचे सुदर्शनचक्र दिसले, आणि तापवलेल्या चक्राची मुद्रा दंडावर उमटवून घेण्याच्या आचाराला त्यांनी हाच मंत्र आधार म्हणून दिला. माध्व मठांत आषाढी एकादशीला ही तप्तमुद्रा आजही घेतली जाते. स्मार्त पंडितांना हा अर्थ मान्य नव्हता, आणि त्यावर शास्त्रार्थ झडले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की एका पक्षाने मंत्र ओढून ताणून घेतला. पण यास्काच्या यादीत किरण बसतात, तर चक्र का बसू नये, हा प्रश्न तितका सहज बाजूला सारता येत नाही.

शब्द समुद्रापारही गेला. पूर्व जावातल्या पनांगुंगान पर्वताचे जुने नाव ‘पवित्र’. त्याच्या उतारावर जलतुंड नावाचे स्नानस्थान आहे आणि तिथे शके ८९९, म्हणजे इसवी सन ९७७, असा काळ कोरलेला आहे. जावाच्या देवरुची कथेत भीम ‘तीर्थ पवित्र’ शोधायला निघतो. तिथेही पवित्र म्हणजे पाणी.

मराठीतला संसार

मराठीने या शब्दाची दोन रूपे सांभाळली. ‘पवित्र’ पोथीतून जसाच्या तसा आला. दुसरे रूप तोंडातोंडी झिजत आले, ते ‘पोवते’. पवित्रक, मग ‘त्र’चा ‘त्त’, मग पोवते. श्रावणातल्या पौर्णिमेला नारळी आणि राखी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पोवती पौर्णिमा हे नाव आता पंचांगापुरते उरले. त्या दिवशी सुताचे पदर एकत्र करून, त्यांना गाठी मारून पोवते तयार करायचे, देवाला वाहायचे आणि मग घरातल्यांनी घालायचे. वर्षभराच्या पूजेत राहिलेल्या उणिवा या दोऱ्याने भरून निघतात, अशी समजूत. पुष्टिमार्गी मंदिरांत श्रावण शुद्ध एकादशीला देवाला रेशमी ‘पवित्रा’ घालतात, तो याच घराण्यातला. केरळातल्या पय्यन्नूरची सोन्याची ‘पवित्र’ अंगठी दर्भाच्या गाठीवरून घडवलेली आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गवत, सूत, रेशीम, सोने असा हा चढता भाव.

पैलवानाचा ‘पवित्रा’ मात्र या कुटुंबातला नसावा. हिंदीत त्याला ‘पैंतरा’ म्हणतात आणि हिंदी कोशकार त्याचे मूळ ‘पदांतर’ देतात. मराठीत येताना ओळखीच्या शब्दाने त्याला आपल्याकडे ओढून घेतले असावे. त्यामुळेच विरोधकांनी ‘आक्रमक पवित्रा’ घेतला आणि सभागृहाचे ‘पावित्र्य’ भंगले, ही दोन्ही वाक्ये एकाच बातमीत सुखाने नांदतात.

मराठीत खरा फरक पडला तो ‘पावन’ आणि ‘पवित्र’ यांच्यात. दोघांचा धातू एक. पण पावन हा शब्द कर्तबगार राहिला. विठ्ठल पतितपावन आहे, म्हणजे पतिताला पावन करणारा. रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले आणि सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींसाठी खुले झालेले मंदिर याच नावाचे. “एकदा आमचं घर पावन करा,” असे आमंत्रण देतात, तेव्हाही पाहुण्याने येऊन काही तरी करायचे असते. पवित्र मात्र मराठीत हळूहळू बसते झाले. पावित्र्य राखायचे असते, जपायचे असते. ते भंगते, विटाळते, डागाळते. गाळणीचा जन्मच मळाशी गाठ घालण्यासाठी होता. आजच्या पावित्र्याला मळाची नुसती चाहूल सोसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या शब्दाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उलथापालथ आहे. हे मत सर्वांना मान्य होणार नाही. दर्भही सोवळ्यात ठेवावा लागे आणि सोमाच्या गाळणीलाही कोणी हात लावू शकत नव्हते, तेव्हा जपणुकीचा भाव पहिल्यापासून होताच, असा प्रतिवाद होऊ शकतो, आणि त्यात तथ्य आहे.

भाषांतराने शब्दावर आणखी एक ओझे टाकले. गोव्यातल्या जुन्या कोकणी प्रार्थनांत लॅटिन-पोर्तुगीज वळणाचा ‘स्पिरितु सांतु’ होता. आजच्या कोकणी प्रार्थनेत ‘पवित्र आत्मो’ आहे, मराठी बायबलातही पवित्र आत्माच. हिब्रूतल्या ‘कादोश’चा अर्थ सामान्यतः वेगळे काढलेले, देवासाठी राखलेले असा सांगतात. इंग्रजी ‘होली’चे नाते अखंड, धडधाकट या अर्थाच्या शब्दाशी आहे. गाळण्याशी दोघांचाही संबंध नाही. तरी हे सगळे अर्थ ‘पवित्र’च्या पदरात पडले, कारण मराठीत दुसरा सर्वांना चालणारा शब्द नव्हता.

की होता? कोकणात आणि मावळात राखलेल्या रानाला देवराई म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या रायांचा अभ्यास जगापुढे मांडला, तेव्हा इंग्रजीत ‘सेक्रेड ग्रोव्ह’ असा शब्द वापरला. गावात मात्र कोणी तिला पवित्र रान म्हणत नाही. ती देवाची राई. तिथली काटकी उचलायची नाही, कारण ती दुसऱ्याच्या मालकीची आहे आणि मालक कडक आहे. तसेच ‘जागृत’ देवस्थान. गावरहाटीतल्या मराठीत अलौकिकाची भाषा मालकीची, जागेपणाची आणि धाकाची आहे, शुद्धतेची नाही. कोंबडे-बकऱ्याचा मान घेणारा देव ‘जागृत’ असतोच, त्याला ‘पवित्र’ म्हणताना जीभ जरा अडखळते. या शब्दांचा ‘पवित्र’शी ताळा घालून पाहणारा पद्धतशीर अभ्यास व्हायला हवा.

हद्दीचा प्रश्न

विसाव्या शतकात चर्चा समाजशास्त्राकडे गेली. एमिल द्युरकेम यांनी १९१२ मध्ये धर्माची व्याख्याच पवित्र आणि लौकिक या विभागणीवर उभी केली. रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये पवित्राच्या मुळाशी भय आणि आकर्षण यांचा एकत्र अनुभव असतो, असे मांडले. शुद्धता आणि नीती ही मागाहून आलेली. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६९ मध्ये दाखवले की इंडो-युरोपीय भाषांत पवित्र या अर्थाचा एक सामाईक शब्दच नाही. अनेक भाषांत त्यासाठी शब्दांची जोडी आहे, एक दैवी तेजाने भरलेल्यासाठी आणि दुसरा माणसाला मनाई असलेल्यासाठी.

भारताबद्दलचा वाद १९६६ साली पेटला. लुई द्युमाँ यांनी जातिव्यवस्थेचा पाया शुद्ध-अशुद्ध या विरोधात आहे, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी मेरी डग्लस यांचे पुस्तक आले. त्यांच्या मते अस्वच्छ म्हणजे आपल्या मांडणीत जागा चुकलेली वस्तू. द्युमाँ यांच्यावर अनेक बाजूंनी टीका झाली. १९८५ मध्ये त्रि. ना. मदन आणि फ्रेडरिक मार्गलिन यांनी दाखवून दिले की शुद्ध आणि शुभ हे दोन वेगळे अक्ष आहेत. शुभ हे काळाशी आणि घटनांशी जोडलेले; शुद्ध हे देहाशी आणि वस्तूंशी. मराठी घरात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मूल जन्मले की पेढे वाटतात आणि त्याच दिवशी सोयर धरतात. आनंद आहे, मंगल आहे, पण देवाला शिवायचे नाही. ‘पवित्र’ या दोन अक्षांपैकी कोणावर बसते? दोन्हींवर अर्धेअर्धे, आणि कदाचित कोणावरच नाही, कारण मूळच्या अर्थाने ते एका स्थितीतून दुसरीत नेणारे आहे.

ही चर्चा पुस्तकी राहत नाही, याची साक्ष महाडचे चवदार तळे देते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथले पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी आणि शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून तळ्याची ‘शुद्धी’ केली. तळ्यावर आधी इतर धर्मीयांना आणि जनावरांना मज्जाव नव्हता. खटला चालला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना अडवू पाहणाऱ्यांचे अपील फेटाळले. इथे हद्दीचा अर्थ साधनाच्या अर्थावर पूर्ण स्वार झालेला दिसतो. पाणी हे यास्काच्या आणि मनूच्या दोन्ही याद्यांमध्ये शुद्धी करणारे आहे. महाडात पाण्यालाच शुद्ध करावे लागले. साधनवादी अभ्यासक या विसंगतीकडे बोट दाखवतात. हद्दवादी अभ्यासक म्हणतात की विसंगती कसली, शब्दाचे सामाजिक काम पहिल्यापासून हेच होते.

मैली, पण पवित्र

गेल्या चार दशकांत वाद नदीकाठी आला आहे. १९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. तेव्हापासून अधिकाऱ्यांच्या भाषेत नदी म्हणजे आकडे. स्नानयोग्य पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नको, विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे २,५०० च्या वर नकोत. केली अ‍ॅली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वाराणसीत राहून अभ्यास केला आणि २००२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. घाटावरचे पंडे त्यांना सांगत की गंगेत गंदगी आहे, पण ती अपवित्र होऊ शकत नाही. घाण एका पातळीवरची, पावित्र्य दुसऱ्या.

यावर दोन प्रतिक्रिया उमटतात. पर्यावरणवाद्यांना यात पळवाट दिसते: नदी कशानेच बाटत नसेल तर नाले वळवायचे कशाला? दुसऱ्या बाजूला असे म्हटले जाते की लोकांना नदीशी जोडून ठेवणारे एवढे एकच सूत्र आहे, ते तोडले तर आकडे कोणासाठी मोजायचे? उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ रोजी गंगा-यमुनेला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, त्यात या श्रद्धेचाही आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत त्याला स्थगिती दिली.

आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना वारकऱ्यांनी पाहिले आहेत. त्याच पाण्यात ते स्नान करतात, तीर्थ म्हणून ओंजळही घेतात. त्यांना फेस दिसत नाही असे कोणी समजू नये. गाळणीच्या जुन्या अर्थाने पाहिले तर नदीचे पवित्र असणे म्हणजे ती सगळे गाळून घेते हा विश्वास. गाळणीलाही मर्यादा असते, ती तुंबते, तिला धुवावे लागते, ही बाजू सोम गाळणाऱ्यांना नक्की ठाऊक असणार.

काय सुटले, काय उरले

आज बहुतेकांना मान्य असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. शब्द ‘पू’ धातूचा, प्रत्यय साधनाचा, जुनी वस्तू गाळणी. अग्नीशी नाते लावण्याचा मोह ओसरला आहे. विशेषणाचा वापर नंतरचा, हेही सर्वसाधारणपणे स्वीकारलेले दिसते.

उरलेले प्रश्न मोठे आहेत. साधनाचे विशेषण नेमके कोणत्या ग्रंथांत, कोणत्या टप्प्यांनी झाले, याचा शतकवार आलेख हवा. प्राकृतांतून आणि जुन्या मराठीतून हा शब्द कसा आला, महानुभावांच्या गद्यात तो कोणासाठी वापरला जातो आणि कोणासाठी नाही, हे तुळपुळे-फेल्डहाउस यांच्या १९९९च्या जुन्या मराठीच्या कोशापासून सुरुवात करून पाहता येईल. मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७च्या आवृत्त्या, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि आजची वृत्तपत्रे शेजारी ठेवली, तर पावित्र्य ‘करण्या’चे ‘राखणे’ कधी झाले याचा माग एखादा विद्यार्थी वर्षभरात काढू शकेल. देवराई, जागृत, कडक, सोवळे या शब्दांशी तुलना हे दुसरे काम, आणि त्यासाठी कोश पुरणार नाहीत, गावात जावे लागेल.

संस्कृतच्या बाजूने सर्वांत मोठी आशा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये तिथे ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास संदर्भचिठ्ठ्या गोळा झाल्या. १९७६ मध्ये पहिला भाग छापून आला. पस्तीस खंड झाले, तरी काम अजून ‘अ’ या अक्षराशीच आहे. ‘प’च्या चिठ्ठ्या तिथल्या खणांत वाट पाहत आहेत.